अ‍ॅरिझोनातला हाजी अली

मुंबईत कुणी हाजी अली म्हटलं की समुद्रातला दर्गा डोळ्यांसमोर येतो, भरतीला पाण्याखाली जाणारी ती अरुंद वाट आठवते, आणि खाण्याचा शौक असलेल्यांना नाक्यावरचा ज्यूस आठवतो. मला आता त्या नावाबरोबर आणखी एक माणूस आठवतो. तो पीर नव्हता, वली नव्हता. उंटवाला होता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या सरकारने लष्करासाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर तो तिकडे गेला. अमेरिकन शिपायांना 'हाजी अली' म्हणता येईना, म्हणून त्यांनी त्याचं 'हाय जॉली' करून टाकलं. पुढे सगळा मुलूख त्याला त्याच नावाने ओळखू लागला.

लष्करात उंट कशाला, हे आधी सांगायला हवं. मेक्सिकोशी झालेलं युद्ध १८४८ मध्ये संपलं आणि अमेरिकेच्या पदरात एक अफाट कोरडा प्रदेश पडला. तिकडे रेल्वे नव्हती, रस्ते नव्हते. ठाण्यांवर रसद पोचवायची तर खेचरं आणि बैलगाड्या, आणि त्यांना रोज पाणी लागणार. जेफरसन डेव्हिस तेव्हा युद्धमंत्री होते. त्यांच्या आग्रहावरून १८५५ मध्ये काँग्रेसने उंटखरेदीसाठी ३०,००० डॉलर मंजूर केले. मेजर हेन्री वेन आणि नौदलाचे अधिकारी डेव्हिड पोर्टर 'सप्लाय' नावाचं जहाज घेऊन ट्युनिस, इजिप्त, इज्मीर असे बाजार फिरले. १८५६ च्या मे महिन्यात टेक्सासच्या इंडियानोला बंदरात ३४ उंट उतरले आणि पुढच्या वर्षी आणखी ४१ आले. कल्पना काही अगदीच आगळी नव्हती. नेपोलियनने इजिप्तमध्ये उंटांचं पथक उभं केलं होतं. आपल्या मुंबई इलाख्याला पुढे जोडल्या गेलेल्या सिंधमध्ये चार्ल्स नेपियरनेही १८४३ मध्ये तेच केलं होतं.

इंडियानोलातला एक प्रसंग मला फार आवडतो. बंदरावर जमलेले बघे उंटांना हसत होते. वेननी एक उंट बसवला आणि त्याच्या पाठीवर गवताच्या दोन गाठी चढवल्या. लोक म्हणाले, आता हा उठत नाही. वेननी आणखी दोन चढवल्या. सगळं मिळून १,२५६ पौंड, म्हणजे साधारण ५७० किलो. उंट उठला आणि चालू लागला.

या गोष्टीत वेनचं नाव येतं, उंटाचंही कौतुक होतं. पण त्या चार गाठी उंटाच्या पाठीवर कुणी बांधल्या असतील? उंटावर ओझं लादणं हा शिकून यायचा हुन्नर आहे. दोन्ही बाजूंना वजन सारखं हवं, दोर नको तितका आवळला तर कातडी सोलते, सैल राहिला तर उतारावर सगळा भार मानेकडे सरकतो. हे येणारे लोक अमेरिकेत नव्हते, म्हणून सरकारने उंटांबरोबर माणसंही आणली. कुणी अरब, कुणी तुर्क, कुणी ग्रीक. त्यातल्या एका ग्रीकाचं नाव यॉर्गोस कारालाम्बो होतं, त्याचा 'ग्रीक जॉर्ज' झाला. आपल्या गावातही परप्रांतातून आलेल्या कारागिराला 'भैया' म्हणून मोकळं होतातच की.

हे सगळं मी पुस्तकांतून वाचलं होतं. ओझ्याचा अर्थ नीट कळला तो मात्र भाच्याच्या गाडीत.

भाचा फिनिक्सला असतो. त्याच्याकडे पिकअप ट्रक आहे, आणि त्याच्या मागच्या हौद्यात बसवलेली एक खोली. तिकडे तिला ट्रक कॅम्पर म्हणतात. आत पलंग, गॅसची शेगडी, छोटा फ्रीज, पाण्याची टाकी. चार कोपऱ्यांना चार जॅक असतात. खोली त्यांच्यावर उभी करायची, ट्रक खालून काढून घ्यायचा की ट्रक पुन्हा रोजच्या कामाला मोकळा. लेखक जॉन स्टाइनबेक १९६० मध्ये अशाच गाडीतून, बरोबर कुत्रा घेऊन, अमेरिका बघायला निघाले होते. गाडीला त्यांनी डॉन किहोतेच्या घोड्याचं, रोसिनान्तेचं नाव दिलं होतं. ती गाडी आजही कॅलिफोर्नियात सलिनासच्या संग्रहालयात ठेवलेली आहे.

मागे ओढायच्या मोठ्या घरगाड्या हमरस्त्याच्याच. ट्रक कॅम्पर मात्र दगडधोंड्यांच्या वाटेवरही जातो, कारण तो ट्रकच्या पाठीवर असतो. पण त्याचा धोकाही त्या पाठीवरच असतो. भाच्याची खोली रिकामी असताना ९०० किलो भरते. पाणी, गॅस, सामान घातलं की १,२०० च्या पुढे. शिवाय हे सगळं वजन उंचावर. गाडी एका बाजूला कलली की वरचा भार तिला आणखी त्याच बाजूला ओढतो. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री तो दोन तास नुसतं सामान लावत होता. जड ते खाली आणि पुढे, हलकं ते वर आणि मागे. खोली ट्रकला जखडणारे चार आकडे त्याने पुन्हा पुन्हा पिळून पाहिले. मी कंटाळून म्हटलं, "अरे, बस झालं." तो म्हणाला, "मामू, पहिल्या दहा मैलांनंतर थांबून पुन्हा आवळायचेत." उंटवालेही हेच करत. थोडं चालल्यावर ओझं बसतं, दोर ढिले होतात, मग काफिला थांबवून पुन्हा कसायचं.

आमची वाट होती मोजावे रोड. कोलोरॅडो नदीपासून पश्चिमेला बार्स्टोच्या बाजूला जाणारा सुमारे २२० किलोमीटरचा कच्चा रस्ता. मुळात ही मोजावे आदिवासींची पायवाट, किनाऱ्यावरच्या लोकांशी देवघेव करायला ते हिच्यावरून जात. १७७६ मध्ये त्यांच्या वाटाड्यांबरोबर स्पॅनिश पाद्री गार्सेस हिच्यावरून गेला, १८२६ मध्ये जेडेडाया स्मिथ. पुढे लष्कराच्या गाड्या आल्या, मग रेल्वे आली आणि वाट ओस पडली. १९८० च्या दशकात डेनिस केसबियर या इतिहासाच्या अभ्यासकाने मित्रांना घेऊन जुन्या खुणा शोधल्या, वाट पुन्हा जोडली आणि तिची मार्गदर्शिका लिहिली. आज चारही चाकांना जोर असलेली गाडी घेऊन लोक तिच्यावर येतात. एखाद्या इतिहासकाराने रस्ता शोधून तो लोकांच्या चाकांखाली आणून दिला, अशी उदाहरणं थोडी असतील.

ही वाट सरळ नाही. ती झऱ्याकडून झऱ्याकडे जाते. पायूट, रॉक स्प्रिंग, मार्ल स्प्रिंग्ज. जनावरं तहानेने पडायच्या आत पुढचं पाणी गाठायचं, एवढ्या एका हिशोबावर ती वळते. नकाशावर विचित्र दिसणारं वळण पाण्याचा विचार केला की लगेच समजतं.

पहिल्याच दिवशी भाच्याने टायरमधली हवा ६५ वरून ३५ वर आणली. टायर पसरतो, वाळूत रुतत नाही, दगडावर आपटतही नाही. उंटाला याची गरज नसते. त्याच्या पायाची गादी वाळूवर टेकताच आपोआप पसरते. लॅनफेअर खोऱ्यात जोशुआ झाडांच्या दाटीतून जाताना दोन्ही बाजूंच्या काटेरी फांद्यांनी खोलीच्या पत्र्यावर लांबलचक ओरखडे काढले. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. वॉटसन वॉशच्या उतारावर तो आधी पायी खाली जाऊन आला. कोणत्या दगडावर कोणतं चाक ठेवायचं ते ठरवलं, मग मला खाली उभं राहून हातवारे करायला सांगितलं. चालता माणूस जितक्या वेगाने जाईल तितक्याच वेगाने ट्रक उतरला. मधे एकदा मागचं एक चाक अधांतरी झालं आणि आतल्या सगळ्या भांड्यांनी एकदम आवाज केला. मी दुरूद म्हणत होतो हे मला नंतर कळलं.

१८५७ मध्ये याच मुलखातून एडवर्ड बील यांची मोहीम गेली. न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट डिफायन्सपासून कोलोरॅडो नदीपर्यंत गाडीरस्ता आखायचा आणि त्याच कामात उंटांची परीक्षा घ्यायची, असा सरकारी हुकूम होता. बरोबर २५ उंट होते आणि त्यांना सांभाळणाऱ्यांत हाजी अली. सुरुवातीला उंट मागे पडत, कारण महिनोन्‌महिने बसून होते आणि ओझी नीट बांधली जात नव्हती. पुढे ते ६००-७०० पौंड घेऊन चालू लागले. खेचरं ज्या झुडपांना तोंड लावत नसत ती खाऊन राहिले. बील आपल्या अहवालात उंटांची स्तुती करताना थकत नाहीत.

वाटेत एल मोरो नावाचा खडक लागतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी शतकानुशतकं त्याच्यावर नावं कोरली आहेत. मोहिमेत उंटांची जबाबदारी ब्रेकिन्‌रिज या तरुणाकडे होती. त्याने दोन वर्षांनी पुन्हा तिथून जाताना कोरलेलं नाव आजही वाचता येतं.

त्याच्या पुढे झुनी लोकांचा मुलूख. इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण हाजी अलीला 'अमेरिकेतला पहिला मुसलमान' म्हणणारे लेख आपल्या लोकांत फिरत असतात. ते खरं नाही. त्याच्या तीनशे वर्षं आधी, १५३९ मध्ये, मोरोक्कोतल्या अझेमूरचा एक गुलाम याच झुनी प्रदेशात पोचला होता. स्पॅनिश लोक त्याला एस्तेबानिको म्हणत. त्याचा बाप्तिस्मा झालेला होता. मूळ नाव काय होतं, ते कुणी लिहून ठेवण्याची तसदी घेतली नाही. हाविकू गावाशी तो मारला गेला. त्यानंतर आफ्रिकेतून साखळदंडात आणलेल्या हजारो मुसलमानांची तर गणतीच नाही. उमर इब्न सईदसारख्या एखाद्याने गुलामीत असतानाच अरबीत आत्मचरित्र लिहिलं, १८३१ मध्ये, म्हणून तो तरी उरला. पहिला कोण याची शर्यत लावली की ही माणसं दुसऱ्यांदा पुसली जातात.

ऑक्टोबरात मोहीम कोलोरॅडो नदीवर आली. उंट पोहत नाहीत अशी सगळ्यांची समजूत होती. पहिल्याने पाण्यात जायला नकार दिला. मग सगळ्यात मोठा उंट आणला, तो उतरला आणि पलीकडे गेला. बाकीच्यांना एकमेकांना बांधून पार केलं. एकही उंट बुडाला नाही. त्याच दिवशी दोन घोडे आणि दहा खेचरं बुडाली.

एवढं यश मिळूनही प्रयोग का फसला? खेचरवाल्यांना उंट आवडत नव्हते, उंटाच्या वासाने खेचरं बिथरत, हे खरं आहे. पण मला ते दुय्यम वाटतं. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं. उंट आणणारे जेफरसन डेव्हिस आता बंडखोर राज्यांचे अध्यक्ष होते. त्यांचा लाडका प्रकल्प वॉशिंग्टनमध्ये कोण चालवणार? १८६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेनिशियाला उंटांचा लिलाव झाला, टेक्सासमधले १८६६ मध्ये विकले गेले. काही सर्कशीत गेले, काही खाणींवर, काही मोकळे सुटले. हाजी अलीने काही उंट घेऊन मालवाहतुकीचा धंदा करून पाहिला, तो चालला नाही. मग तो पुन्हा लष्कराकडे गेला, या वेळी खेचरांवर ओझी बांधायला.

आम्ही पूर्ण वाट करू शकलो नाही. पुढे सोडा लेक नावाचं कोरडं सरोवर लागतं. त्याच्या मधोमध दगडांची एक रास आहे, येणारा प्रत्येक जण तिच्यावर एक दगड ठेवतो. पण आठवड्यापूर्वी पाऊस झाला होता. वरून पापुद्रा कोरडा, खाली चिखल. भाचा काठावर उतरला, टाच रोवून पाहिली, आणि म्हणाला की तीन-साडेतीन टनांचा ट्रक आणि वर ही खोली इथे उतरली तर क्रेननेही निघणार नाही. आम्ही केलबेकर रस्त्याने दक्षिणेला वळलो आणि हमरस्त्याला लागलो. तो इंटरस्टेट ४०. त्याच्या आधी तिथे रूट ६६ होता, आणि त्याच्याही आधी, नदीच्या पूर्वेला, बील यांनी उंट घेऊन आखलेला गाडीरस्ता.

नदीच्या कडेने खाली क्वार्ट्‌झसाइट गावाशी आलो तेव्हा दुपार कलली होती. जानेवारी होता. गाव काही हजार वस्तीचं, पण थंडीत सभोवतालच्या सरकारी माळावर दूरदूरच्या थंड राज्यांतले निवृत्त लोक घरगाड्या घेऊन उतरतात. नजर जाईल तिथे पांढरे पत्रे. त्या लोकांना विचारलं तर हाय जॉलीची कबर लहान मूलही दाखवेल. गावच्या कबरस्तानात दगडी पिरॅमिड आहे, वर तांब्याचा उंट. राज्याच्या महामार्ग खात्याने १९३५ मध्ये बांधलेला. जन्म सीरियात कुठेतरी, १८२८ च्या सुमारास; मृत्यू १६ डिसेंबर १९०२.

जन्माबद्दल एकमत नाही. वडील सीरियन, आई ग्रीक, जन्मनाव फिलिप टेड्रो, मोठेपणी इस्लाम स्वीकारला, हज केला आणि हाजी अली झाला, असं बहुतेक जण सांगतात. कागद मात्र वेगळंच बोलतात. १८८० मध्ये टूसॉनला त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं ते फिलिप टेड्रो या नावाने. त्याच वर्षी हेरत्रुदिस सेर्ना या बाईशी लग्न केलं, दोन मुली झाल्या. काही वर्षांनी घर सोडून पुन्हा वाळवंटात गेला, सोनं शोधत. नागरिकत्वाच्या वेळी त्याने जुनं नाव का घेतलं असेल? धर्म सोडला होता? की अनेक वर्षं सरकारची चाकरी केल्यानंतर कारकुनासमोर उभं राहताना कोणतं नाव सोपं पडेल, हे त्याला कळलं होतं? आधार कार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि रेशनकार्डावर तिसरं स्पेलिंग असलेल्या आपल्या लोकांना या प्रश्नाचं नवल वाटणार नाही.

मी कबरीपाशी उभा राहून फातिहा पढलो. शेजारी एक म्हातारं जोडपं तांब्याच्या उंटाचा फोटो काढत होतं, ते आदबीने बाजूला झालं. भाचा म्हणाला, "मामू, पण तो शेवटी मुसलमान होता की नव्हता, हे तर कुणालाच माहीत नाही."

"हाजी म्हणवून घेत होता ना?" मी म्हटलं.

अंधार पडायच्या आत माळावर जागा शोधायची होती. तो कॅम्परचे आकडे आवळून बघायला गेला.