तळ्याचे पाणी आणि सरकारची पट्टी

भंडारा हा तळ्यांचा जिल्हा होय, हे आपणांपैकी लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. ही तळी कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधली, हेही घरोघरी सांगितले जाते. परंतु त्याच पाण्यावर सरकारने पट्टी आकारली असता वडील पिढीने ती का नाकारली, व त्या यशाची किंमत काय पडली, हे तरुण मंडळींच्या कानी क्वचितच गेले असेल. म्हणून हा लेखनप्रपंच.

चांद्याच्या गोंड राजांचा दंडक असा होता म्हणतात की, जो तळे बांधील त्यास त्या तळ्याखाली भिजेल तेवढी जमीन मिळावी. राजाने पैका दिला नाही, हक्क दिला. एवढ्यावर लोकांनी डोंगरांच्या खिंडी बांधून काढल्या. नवेगावचा बांध ज्यांच्या नावे सांगतात, त्या कोलू पाटलांस तर लोकांनी पुढे कोलासुर म्हणून देवपण दिले. भंडाऱ्यापासून चांद्यापर्यंत अशी सहा हजारांहून अधिक तळी उभी राहिली. त्यांच्यावर धान पिकला, ऊस पिकला.

इंग्रजांनी 1854 साली नागपूरचे राज्य खालसा केले, आणि पुढे 1860 नंतरच्या जमाबंदीत मालगुजारांस गावची मालकी मिळाली. मात्र पाण्याची वहिवाट ज्या दप्तरात नोंदली गेली, ते वाजिब-उल-अर्ज आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. पाणी कोणी, केव्हा, कोणत्या पाळीने घ्यावे, हे त्यात होते. पाणी फुकट होते, पण तळे फुकट नव्हते! उन्हाळ्यात गाळ उपसणे, पाळीवर माती टाकणे, तुडुमाची डागडुजी करणे, हे गावाने मिळून करावयाचे असे. रोख कर नव्हता, घामाचा होता. मालगुजारांपैकी काही जुलमी होते, हेही येथे लपविण्याचे कारण नाही.

मालकी हक्क नष्ट करणारा मध्य प्रदेशचा 1950 चा कायदा 31 मार्च 1951 पासून अमलात आला आणि तळी सरकारजमा झाली. तदनंतर सरकारने सिंचनाची पट्टी मागितली. शेतकऱ्यांचे उत्तर सरळ होते: तळे आमच्या आजोबापणजोबांनी खोदले, सरकारने एक टोपलीही माती टाकली नाही; मग कर कशाचा? 1928 साली बारडोलीच्या शेतकऱ्यांनी वाढीव सारा नाकारला, त्याहून हा मुद्दा वेगळा होता. तेथे वाद साऱ्याच्या दराचा होता. येथे सरकारास मागण्याचा अधिकारच पोचतो काय, हा प्रश्न होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि निस्ताराचा हक्क मान्य होऊन पाणी विनामूल्य राहिले. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज यांस स्थान मिळाले आहे.

आपले वडील जिंकले, आणि त्यांची बाजू न्यायाची होती असेच माझे मत आहे. पण पुढे काय झाले? उत्पन्न नाही म्हणून पाटबंधारे खात्याने डागडुजीकडे पाठ फिरविली. मालकी सरकारची म्हणून गावाने फावडे खाली ठेवले. पट्टी नाकारताना आजोबांचा हक्क आपण मोठ्या आवाजात सांगितला, आजोबांची टोपली मात्र कोणी उचलली नाही. तळी गाळाने उथळ झाली, बेशरमाने वेढली, काहींच्या पोटात शेतेही शिरली. सरकारी कागदात ‘माजी मालगुजारी’ चे ‘मामा तलाव’ झाले, आणि ही तळी कोण्या मामाची, असे मुले विचारू लागली!

अलीकडच्या काळात गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव भागात काही तळ्यांवर पुन्हा हात लागले. ते ढीवर बांधवांचे होते. मासोळीवर निर्वाह करणाऱ्या या स्त्रीपुरुषांनी बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, आणि मासे वाढू लागले. तळ्याखालची बांधी कसणारे आपण त्या कामात कितीसे होतो, याची चौकशी प्रत्येक गावच्या मंडळींनी आपापल्या ठिकाणी करावी.