मळसूत्राची बंदूक

गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर १८४४ सालीं गडकऱ्यांनीं, इंग्रजांनीं नेमलेल्या कोल्हापूरच्या कारभाऱ्याविरुद्ध बंड पुकारलें, आणि ऑक्टोबरमध्यें इंग्रजी फौजेनें तो गड घेतला. त्या लढाईंत उभय पक्षांच्या हातीं ठासणीच्याच बंदुका होत्या. नळीच्या तोंडांतून दारू ओतावी, गोळी सोडावी, गजानें ठासावी आणि मग नेम धरावा. हें सारें बहुधा उभ्यानें, शत्रूच्या नजरेसमोर! नवल हें, कीं मागून भरावयाची लष्करी बंदूक त्यापूर्वीं ६८ वर्षें तयार झालेली होती.

पॅट्रिक फर्ग्युसन या स्कॉटिश कॅप्टननें जून १७७६ मध्यें इंग्लंडांत वूलविच येथें ती चालवून दाखविली. नळीच्या मागच्या टोकांतून एक उभें मळसूत्र आरपार गेलेलें होतें; चापाभोंवतीची कडी हीच त्याची मूठ. कडीला एक फेरा दिला, कीं मळसूत्र खालीं उतरून नळीला वरून तोंड पडे. तेथून आधीं गोळी, मागाहून दारू घालावयाची आणि कडी उलट फिरवावयाची. एकाच फेऱ्यांत काम व्हावें म्हणून आटे अनेकपदरी कातलेले होते. भर पावसांत व वाऱ्यांत त्यानें मिनिटास चार, प्रसंगीं सहा बार काढले आणि पाठीवर निजूनहि नेम साधला.

मग ही बंदूक मागें कां पडली? आटे कातण्याचें काम नाजूक व खर्चाचें. जळक्या दारूची काजळी त्यांत धरे. शिवाय मळसूत्रासाठीं पोखरलेला दस्ता नेमका तेथेंच मोडे. लष्करानें शंभराच्या आसपासच नग करविले. सप्टेंबर १७७७ मध्यें अमेरिकेंतील ब्रँडीवाइनच्या लढाईंत फर्ग्युसनचें उजवें कोपर गोळीनें फुटलें, आणि त्याची तुकडीहि मोडण्यांत आली.

खरा मार्ग काडतुसानें दाखविला. १८६६ सालीं इंग्लंडनें स्वीकारलेल्या स्नायडर पद्धतींत जुन्याच एन्फील्ड बंदुकांना मागें बिजागरीचें झांकण बसविलें. पातळ पितळी पत्र्याचें काडतूस बार होतांच फुगून नळीस घट्ट बसे, त्यामुळें आंच मागें येत नसे.

हिंदी शिपायास मात्र ही सोय लगेच लाभली नाहीं. जुलै १८५७ च्या अखेरीस कोल्हापुरांतच २७ वी पलटण उठली होती. त्या वर्षाचा धडा घेऊन सरकारनें हिंदी पलटणींचें शस्त्र गोऱ्यांच्या शस्त्राहून एक पायरी जुनें ठेवलें. गोऱ्यांना स्नायडर मिळाली तेव्हां हिंदी शिपायाकडे ठासणीची बंदूक होती. गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आल्यावर स्नायडर त्याच्याकडे उतरली. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें तर रयतेच्या घरांतील बंदुकीलाहि परवाना लागला.

यंत्रांतील उणीव कारागिरांनीं ९० वर्षांत भरून काढली. पण तें हत्यार कोणाच्या हातीं द्यावें, हें राज्यकर्त्यांच्या विश्वासावर अवलंबून राहिलें. शस्त्रांचा इतिहास वाचतांना या दोन्ही गोष्टी एकत्र पहाव्या, एवढेंच सांगावयाचें आहे.