सोंगाड्याची जीभ

वडूज हे ज्याचं ठाणं, त्या खटाव तालुक्यात कटगुण आहे. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं हे मूळ गाव. पण फुल्यांचं म्हणणं सातारा जिल्ह्यातल्या निरक्षर शेतकऱ्याच्या कानी घातलं ते डफ-तुणतुणं घेऊन हिंडणाऱ्या सत्यशोधक जलसेवाल्यांनी.

जलशांतल्या टवाळीचं बीज खुद्द जोतीरावांचंच. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिलं. ग्रहदशेची भीती घालून जोशी एका गरोदर कुणबिणीला नि तिच्या नवऱ्याला लुबाडतो आणि विदूषक त्याचं पितळ उघडं पाडत राहतो. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारलं. पुढे १८७३ मध्ये सत्यशोधक समाज निघाला आणि त्याच विदूषकाला जलशात सोंगाड्याचा वेश मिळाला.

ओतूरचे भीमराव महामुनी हे आरंभीचे जलसाकार. साताऱ्याकडे कराडजवळच्या काल्याचे रामचंद्र घाडगे यांचा फड गाजला. साचा तमाशाचाच, गण आणि वगाचा. मात्र इथे पोथी, मुहूर्त, दक्षिणा, सावकाराचं व्याज आणि कुलकर्ण्याचं दप्तर यांची उलटतपासणी व्हायची. ज्याच्यापुढे दिवसा मान वर करायची सोय नव्हती, त्याची नक्कल रात्री पारावर बघून गाव हसायचं. ते हसणं फार मोलाचं होतं. भीती गेल्याची ती पहिली खूण होती.

साहजिकच वाद पेटले. १९१९ ते १९२१ या काळात सातारा जिल्ह्यात कुळांनी जमीनदारांविरुद्ध डोकं वर काढलं, तेव्हा जलशांनी जातिद्वेष पसरवल्याची ओरड झाली. पुण्यात केशवराव जेधे आणि त्यांच्या तरुण साथीदारांनी १९२२ मध्ये छत्रपती मेळा काढला. गणेशोत्सवात या मेळ्याची आणि टिळकपक्षीय मेळ्यांची गाण्यांतून जुंपली. या वादातच दिनकरराव जवळकरांच्या १९२५ मधल्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेवर खटला झाला, अपिलात डॉ. आंबेडकरांनी बाजू मांडली आणि आरोपी सुटले.

जलशांच्या विनोदाचा तोल पुष्कळदा सुटला, हेही मान्य केलं पाहिजे. व्यवस्थेवरचा वार व्यक्तींवर, कधी घरातल्या बायकांवरही गेला. तिथे तो हीनच होता. पण तेवढ्यावरून सगळा जलसा अश्लील ठरवणं हा त्या कलावंतांवर अन्याय आहे.

त्यांचा वारसा लांब गेला. क्रांतिसिंह नाना पाटील सत्यशोधक चळवळीतच घडले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. सरकारी कचेरीसमोर उभं राहण्याची ती धिटाई एका दिवसात आलेली नव्हती. तिच्यामागच्या मशागतीत जलशांचा वाटा होता, असं म्हणायला जागा आहे. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी १९४४ मध्ये अमर शेख आणि गवाणकरांसह लाल बावटा कलापथक उभं केलं आणि गणात गणपतीऐवजी मायभूमीला वंदन केलं.

हुतात्म्यांची स्मारकं झाली. जलसेवाल्यांची आठवण मात्र जुन्या वह्यांपुरती उरली आहे. खटाव, कराड, वाळव्याकडे कुणाच्या माळ्यावर पणजोबांच्या हातची अशी वही असेल, तर ती रद्दीत घालू नका. जवळच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नेऊन द्या.