पळस्प्याचा यमन

सांगानेरला पोस्टिंग होऊन वर्ष होत आलं. दिवसा छिप्यांची छापील कापडं वाळताना दिसतात, रात्री विमानांची घरघर. ड्यूटीवरून परतलं की झोप लवकर येत नाही. युनिटमधल्या एका बंगाली मित्राने कानात इयरफोन घातला आणि म्हणाला, "हे ऐक." उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर, रुद्रवीणा, राग यमन.

दहा मिनिटांत बंद केलं. ठेका नाही, चाल नाही. एक सूर खोल जातो, विरतो, मग नुसती शांतता. यमन म्हणजे आपल्याकडे क्लासात सुरुवातीलाच शिकवतात तो दिवेलागणीचा गोड राग. हा तर विहिरीत उतरत होता.

वाजवलं १९८६ साली सिॲटलमध्ये. अल्बम आला २०१८ साली, स्टीफन ओमॅली यांच्या आयडिऑलॉजिक ऑर्गनकडून. ओमॅली म्हणजे 'सन' या बँडचे, गिटारचा एक सूर मिनिटभर घुमवणारे. अशा अंधाऱ्या, अवघड संगीताच्या माणसाला आपली वीणा जवळची वाटली, याचं मला नवल वाटलं. म्हणून शोधत गेलो.

डागरांचे पूर्वज बहराम खाँ एकोणिसाव्या शतकात इथेच, जयपूर दरबारात होते. घराणं मुळात गवयांचं, ध्रुपदाचं. झिया मोहिउद्दीन उदयपूरला १९२९ साली जन्मले. पुढे संस्थानं गेली, दरबार गेले. त्यांनी मुंबई गाठली आणि वीणेलाच हात घातला: भोपळे मोठे केले, तारा जाड केल्या, मिजराब टाकून उघड्या बोटांनी वाजवलं. गळा आलापात जसा सरकतो तसं तारेने सरकावं, एवढ्यासाठी. जुनं जपणारा माणूस वाद्य बदलायला कचरला नाही, हे मला फार आवडलं. मणि कौल यांनी 'ध्रुपद' चित्रपटात त्यांना घेतलं. १९९० साली ते गेले.

आणि त्यांचं गुरुकुल कुठे? पळस्प्याला! माझं गाव पनवेल तालुक्यातलं. पळस्पे फाट्यावर एसटीची वाट बघण्यात अर्धं आयुष्य गेलं, पण हे कळायला जयपूर गाठावं लागलं.

आता रोज ऐकतो. विसाव्या मिनिटाला सूर चढू लागतो तेव्हा मी जागा असतो. बहुतेक वेळा.

पुढच्या महिन्यात रजा आहे. फाट्यावर उतरून चौकशी करेन.