गोळीची बैठक व घशाची झीज
रायफलच्या काडतुसाच्या पुंगळीत गोळी किती खोल बसवली आहे, ती तिची बैठक. काडतूस बसते त्या कक्षापुढे जिथून नळीतले आटे सुरू होतात, तो निमुळता भाग म्हणजे घसा. घसा झिजला की आट्यांची सुरुवात पुढे सरकते आणि आधी ठरवलेली बैठक चुकते. म्हणून हाताने काडतुसे भरणारे नेमबाज ही दोन मापे जोडीनेच घेतात.

मापन : टोकापासून बुडापर्यंतची लांबी (.३०८ विंचेस्टरसाठी कमाल २.८१० इंच) मॅगझिनपुरती उपयोगी. एकाच डबीतल्या गोळ्यांची टोकेही सारखी नसतात. म्हणून कॅलिपरला कंपॅरेटर हा जोड लावून बुडापासून गोळीच्या फुगीर खांद्यापर्यंत मोजतात. घसा शोधण्यासाठी बुडाला छिद्र पाडलेली पुंगळी दांड्यावर बसवून कक्षात घालतात आणि आतली सैल गोळी पुढे ढकलतात. हात जड पडला तर गोळी आट्यांत रुतते व माप जास्त येते. जुनी रीत मेणबत्तीची : दारू व टोपी नसलेल्या काडतुसाची गोळी काजळीने माखून कक्षात घालून काढायची; आटे टेकले असतील तर काजळीत सारख्या अंतरावर चकचकीत खुणा दिसतात. आलेला आकडा तीच नळी, तीच गोळी व तोच कंपॅरेटर यांपुरताच खरा.

आट्यांपासून किती अंतर ठेवावे, याबाबत मतभेद आहेत. गोळी आट्यांना टेकवल्यास दाब वाढतो. तेव्हा दारू कमी करून सुरुवात करतात.

झीज : मुख्य कारण घर्षण नव्हे, तर तप्त वायू. पोलादावर आधी बारीक भेगांचे जाळे उमटते, मग कण सुटतात. ब्रिटिश सैन्याची १८८८ ची ली-मेटफर्ड रायफल काळ्या दारूसाठी होती. तिचे सात आटे उथळ व गोलसर होते. कॉर्डाइट ही धूररहित दारू आल्यावर ते लवकर झिजले, म्हणून १८९५ मध्ये ली-एनफिल्डला पाच खोल, चौकोनी आटे दिले. मूळ कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन ५८ टक्के होते. बोअर युद्धानंतरच्या सुधारित कॉर्डाइटमध्ये ते ३० टक्क्यांवर आणून ज्वाला थंड केली.

उपाय : गोळी थोडी बाहेर बसवणे, मर्यादा मॅगझिनची व पुंगळीच्या पकडीची. पुढे नळी बदलणे.

भारत : दारूगोळा तयार करण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो.