गुरुजींची शाळा

शाळा म्हटली की ती मुलांची, हे आपण धरूनच चालतो. मुलांना शिकवणाऱ्या गुरुजींची शाळा कोठे भरते, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. अध्यापन विद्यालयाचा शिक्का घेऊन मास्तर एकदा बाहेर पडला, की पुढची तीस-पस्तीस वर्षे तो त्याच शिदोरीवर काढतो, असा पुष्कळांचा समज असतो. खरे पाहता ती शिदोरी पहिल्या चार-दोन वर्षांतच सरते. अभ्यासक्रम बदलतो, पुस्तके बदलतात, मुले तर दरसाल नवी येतात. आणि मग मास्तरालाही कोठेतरी पाटी घेऊन बसावे लागते. आज ती पाटी खिशातल्या मोबाइलवर आली आहे. चहाच्या टपरीवर मोबाइलमध्ये डोके घालून बसलेले गुरुजी दिसले की गावकरी हसतात. त्या हसण्यात थोडे तथ्य असेलही. परंतु त्या काचेच्या तुकड्यामागे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे, आणि दिवाळीच्या निवांतपणात तो एकदा उजळून पाहण्याजोगा आहे.

या इतिहासाचे पहिले ठळक पान म्हणजे ‘मराठी शालापत्रक’. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याने गावोगावच्या शिक्षकांसाठी हे मासिक चालवले होते. कृष्णशास्त्री चिपळूणकर त्याचे संपादक होते, आणि १८६८ पासून त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री त्याचे काम पाहू लागले. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधु आणि दंडी या पाच संस्कृत कवींवरचे विष्णुशास्त्र्यांचे गाजलेले निबंध प्रथम याच मासिकातून लोकांसमोर आले. आडगावी एकटा पडलेला मास्तर टपालाची वाट पाहतो, आणि टपालातून त्याच्या हाती भवभूती येतो, ही कल्पनाच केवढी हृद्य आहे! पण ज्याच्या हातात लेखणी तो हळूहळू बोलू लागतो, आणि विष्णुशास्त्र्यांसारखा माणूस बोलू लागला म्हणजे सरकारला ते मानवणारे नव्हते. १८७५ साली सरकारी रोषामुळे शालापत्रक बंद पडले. ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

आमचे हिंगोली तेव्हा या साऱ्या हालचालींच्या कुंपणाबाहेर होते. हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी म्हणून गावाचे नाव नकाशावर होते खरे, पण मुलूख निजामाचा. मुंबईच्या शिक्षणखात्याचा हुकूमही इथे चालत नव्हता, मग त्याचे मासिक कोठून चालणार? १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा जन्मला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके. या तालुक्यांतल्या वाडी-तांड्यांवर दोन शिक्षकी शाळा पुष्कळ. अशा शाळेत दोघांपैकी एक जण रजेवर वा बैठकीला गेला, की उरलेल्याने चार वर्ग एकाच वेळी सांभाळायचे. त्याला एखादी शंका आली तर विचारायचे कोणाला? भिंतीला? शिक्षकाचा पगार, बदली यांवर बोलणारे बरेच भेटतात. त्याच्या या एकटेपणावर क्वचितच कोणी बोलते.

सरकारने काही केलेच नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षक-प्रशिक्षणाच्या संस्था निघाल्या. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि नोकरी सांभाळून शिकण्याची वाट अनेकांना मोकळी झाली. २००४ च्या सप्टेंबरात तर केवळ शिक्षणासाठी म्हणून ‘एज्युसॅट’ नावाचा उपग्रहच आकाशात गेला. पण दूरचित्रवाणीच्या पडद्यापुढे बसलेल्या शिक्षकाने ऐकायचे आणि उठून जायचे, एवढेच त्याच्या वाट्याला येई. पडदा बोले, पडद्याला उलट विचारता येत नसे. केंद्राची शिक्षण परिषद भरे, तेथे विचारता येई. पण तो दिवस महिन्यातून एकदा उगवायचा, आणि मास्तराची अडचण तर रोज सकाळी अकरा वाजता वर्गात उभी असायची.

ही उणीव भरून काढली ती, आश्चर्य म्हणजे, शिक्षणासाठी न बनलेल्या एका साधनाने. व्हॉट्सअ‍ॅप हे मुळात गप्पांचे साधन, २००९ साली निघालेले. त्यात गट करता येतो, आणि गटात फोटो, आवाज, चित्रफीत टाकता येते, हे शिक्षकांच्या ध्यानात आले मात्र, त्यांनी त्याची शाळाच करून टाकली. एका गटात आधी शंभर माणसे मावत. २०१६ साली ती मर्यादा दोनशे छप्पन्न झाली. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, म्हणजे नेमक्या शिक्षकदिनी, जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले. अशाच गटांतून ‘अ‍ॅक्टिव्ह टीचर्स महाराष्ट्र’सारखे राज्यभरचे शिक्षकांचे मंडळ उभे राहिले. कोणी हुकूम काढला नव्हता, कोणी भत्ता देत नव्हते. तरी माणसे जमली.

या शिकण्याचे स्वरूप कसे असते ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्याकडच्या एका शिक्षिकेने एकदा गटावर पाटीचा फोटो टाकला. मुलाने बावन्नातून सत्तावीस वजा करून उत्तर लिहिले होते पस्तीस. बाईंनी खाली एवढेच लिहिले होते, ‘दहा वेळा सांगितले, तरी हेच करतो. काय करू?’ रात्री नऊपर्यंत उत्तरे येत राहिली. कोकणातल्या एका गुरुजींनी लिहिले, ‘ताई, पोराचे चुकले कुठे ते पाहा. मोठ्यातून लहान वजा करायचे, हे तुम्हीच त्याला शिकवले आहे. त्याने सातातून दोन काढले, पाचातून दोन काढले.’ दुसऱ्याने काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून त्यांतला एक मुलाच्याच हातून सोडवायला सांगितले. दोन दिवसांनी बाईंचा निरोप आला : गठ्ठा सुटला! मला वाटते, कित्येक दिवसांच्या व्याख्यानांनी साधले नसते ते त्या एका रात्रीत साधले. कारण प्रश्न खरा होता, तो त्याच दिवसाचा होता, आणि उत्तर देणारे स्वतः खडू हातात धरणारे होते.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी हे याच पिढीचे. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे त्यांचे नाव झाले, आणि डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी दहा लाख डॉलरची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आपल्याजवळचे वाटून टाकण्याची ही वृत्तीच या साऱ्या गटांचा प्राण होय.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. साताऱ्याकडच्या कुमठे बीटमध्ये ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला, आणि त्याचे फोटो पाहता पाहता राज्यभर पसरले. जमिनीवर रंगवलेल्या चौकटी, अक्षरे, अंक. लगोलग कित्येक शाळांच्या फरश्या रंगल्या. रंग पोहोचला, पण मूल स्वतःच्या हाताने ज्ञान घडवते, हा त्यामागचा विचार फोटोत मावत नव्हता, तो सर्वत्र पोहोचला नाही. काही ठिकाणी मुलांना रंग खराब होईल म्हणून त्या चौकटींवर बसू देत नसत! साधन रूप झटकन पोहोचवते, कारण सावकाश पोहोचते, हा धडा आम्ही त्यातून घेतला.

२०२० च्या मार्चमध्ये शाळांना कुलपे लागली, तेव्हा या गटांची खरी कसोटी झाली. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला मोबाइलवरून येऊ लागली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून ‘निष्ठा’ हे शिक्षकांचे राष्ट्रीय प्रशिक्षणही ‘दीक्षा’वर ऑनलाइन झाले. निवृत्तीला टेकलेले गुरुजी तरुण सहकाऱ्यांकडून चित्रफीत बनवायला शिकले. त्याबरोबर प्रमाणपत्रांचा पूरही आला. दहा प्रश्न सोडवा आणि रंगीत प्रमाणपत्र मिळवा! उत्तरे आधीच फिरू लागली, तेव्हा शिकणे कोणते आणि शिक्का कोणता, हे ओळखणे अवघड झाले.

आणि याच काळात आणखी एक गोष्ट घडली. गट जमलेलेच आहेत असे पाहून कचेरीही त्यांत येऊन बसली. ‘अमुक माहिती दुपारपर्यंत पाठवा’, ‘फोटो टाका’, ‘कोणी टाकले नाहीत?’ अशा निरोपांखाली पाटीचा फोटो दिसेनासा झाला. अडाणी ठरण्याच्या भीतीने प्रश्न विचारणारी बोटे थांबली; साहेबांच्या देखत कोण म्हणेल, मला वजाबाकी शिकवता येत नाही? २०२४ च्या सप्टेंबरात राज्यातल्या प्राथमिक शिक्षकांनी आंदोलन केले, तेव्हा प्रशासकीय गटांतून बाहेर पडणे हाही त्यांच्या निषेधाचा एक मार्ग होता. या घटनेचा अर्थ इतिहासात शोधावा. १८७५ साली शिक्षकांचे पत्र सरकारच्या रोषाने बंद पडले. आजचा गट बंद करायला रोष लागत नाही. तो हुकमांनी इतका भरतो की आतल्या आत गुदमरतो.

यावर तोड अवघड नाही. परिपत्रकांचा गट निराळा असावा, शिकण्याचा निराळा. आणि शिकण्याच्या गटात हुद्दा बाहेर काढून ठेवावा, जोडे काढतो तसा. गटावर आलेले प्रश्न महिन्याच्या शिक्षण परिषदेत न्यावेत, म्हणजे फोटोत न मावणारा विचार समोरासमोर बसून उलगडता येईल.

याला आधार आमच्याच जिल्ह्यात आहे. नर्सी हे संत नामदेवांचे गाव. परंपरा सांगते की तेरढोकीला संतांचा मेळा जमला असता गोरोबा कुंभारांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटी मारून मडके पक्के की कच्चे ते पाहिले, आणि नामदेव कच्चे ठरले. कुंभार, माळी, शिंपी अशा कामकरी माणसांचाच तो गट होता. त्याने कच्चेपण दाखवून दिले. पण ते घालवायला नामदेवांना औंढ्याला विसोबा खेचरांपुढे जाऊन बसावे लागले. आमच्या गटांनी थापटीचे काम करावे, आणि औंढ्याची वाट मोकळी ठेवावी. मास्तराला आपले मडके निर्भयपणे पुढे करता आले, तर तांड्यावरच्या त्या पोराचा काड्यांचा गठ्ठा सुटायला महिनाभर थांबावे लागणार नाही.