जुहूची उपकारस्तुती : भाताची लोंबी, रस्त्याकडेचा क्रूस आणि गेलेली शेते

जुहू म्हटले की चौपाटी, भेळ आणि चित्रतारकांचे बंगले डोळ्यांपुढे येतात. अठराव्या शतकातील जुहू मात्र साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यालगतचे एक अरुंद, लांबट बेट होते; समुद्रसपाटीपासून जेमतेम मीटर-दोन मीटर वर आलेला वाळूचा पट्टा. ओहोटी लागली की खाडीतून चालत पलीकडे जाता येई. उत्तर टोकाला भंडारी, आगरी आणि कुणबी यांचे गाव, दक्षिण टोकाला कोळ्यांची छोटी वस्ती. ताडी, मीठ, भात आणि मासळी या चार गोष्टींवर हे बेट जगत होते.

१८५३ साली येथे संत जोसेफचे चर्च उभे राहिले. साष्टीतून पोर्तुगीज सत्ता जाऊन तेव्हा शंभरावर वर्षे लोटली होती. तरीही या भागातील चर्चे बव्हंशी गोव्याच्या आर्चबिशपच्या, म्हणजे ‘पाद्रुआदो’च्या, अखत्यारीत होती. रोमच्या ‘प्रोपागांदा’ यंत्रणेशी तिचा वाद इतका पेटलेला होता की त्याच १८५३ मध्ये बिशप हार्टमन यांनी माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये स्वतःला कोंडून घेतले होते. धर्मपीठांच्या या भांडणाची झळ सामान्य कुणब्या-कोळ्याला कितपत लागली असेल, हा प्रश्नच आहे. त्याचे वर्ष पावसाने चालत होते, आणि देवाचे आभार मानण्याची त्याची वेळही पाऊसच ठरवीत होता.

मराठी बायबलमध्ये या आभारांसाठी एक सुरेख शब्द रूढ झाला : ‘उपकारस्तुती’. कॅथलिक उपासनेचा गाभा असलेल्या मिस्साविधीचे ग्रीक नाव ‘युखारिस्त’. त्याचाही मूळ अर्थ आभार मानणे हाच. म्हणजे तत्त्वतः दर रविवार हा आभाराचाच दिवस. पण शेतकऱ्याला तेवढ्यावर समाधान नसते. त्याला आभार हातात धरता यावे लागतात, डोक्यावर घेऊन मिरवता यावे लागतात. साष्टीच्या ख्रिस्ती समाजात हे काम भाताच्या लोंबीने केले.

या सणाचे नाव आगेरा. काहीजण ते लॅटिनमधील ‘आगेर’, म्हणजे शेत, या शब्दाशी जोडतात; कोकणपट्टीतल्या माणसाला मात्र आधी ‘आगर’ आणि ‘आगरी’ आठवतात. आज तो साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होतो. या वेळेमागे भाताचे गणित आहे. कोकणात भाताच्या दोन जाती मानतात : हळवे आणि गरवे. हळवे लवकर, सप्टेंबरच्या अखेरीस ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला तयार होते; गरव्याला नोव्हेंबर उजाडतो. हळवे पिकले की आगेरा येतो. अजून सगळे पीक घरात आलेले नसते, परतीचा पाऊस उभे भात आडवे करू शकतो, आणि नेमक्या त्या अनिश्चित दिवसांत पहिली कापणी देवाला दिली जाते. आभार आधी, कोठार नंतर. हा क्रम ज्यूंच्या प्राचीन पहिल्या पेंढीच्या अर्पणातही दिसतो, आणि इंग्लंडात ऑगस्टच्या आरंभी नव्या गव्हाची पहिली भाकर चर्चमध्ये नेण्याच्या जुन्या प्रथेतही.

विधी साधा आहे. कापलेल्या लोंब्या मिरवणुकीने, कुठे सजवलेल्या बैलगाडीतून, चर्चकडे आणल्या जातात. पुढे वाजंत्री, मागे लाल चौकड्यांची लुगडी नेसलेल्या बायका. धर्मगुरू लोंब्यांना आशीर्वाद देतात, मिस्सा होतो, आणि मग त्या लोंब्या घरोघरी वाटल्या जातात. ज्याचे शेत आहे त्यालाही लोंबी मिळते आणि ज्याचे नाही त्यालाही. पुढचा दिवस मग जेवणाचा : फुगे, बॉटल मसाल्याचे मटण, गप्पा.

हा सण एकट्या साष्टीचा नाही. गोव्यात ‘कणसांचे फेस्त’ ऑगस्टमध्येच होते. राय गावात ५ तारखेला, ताळगावात २१ तारखेला. तेथे पहिली कणसे कापण्याचा मान गावकरांचा असतो, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी गाव वसवले असे मानले जाते त्यांचा. मंगळुरूच्या कॅथलिकांचे मोंती फेस्त ८ सप्टेंबरला. आणि ख्रिस्ती नसलेल्या कोकणातही घराच्या दारावर ‘नवे’ बांधण्याची चाल आहेच : दसऱ्याला किंवा नव्याच्या पौर्णिमेला भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांसह दाराला बांधतात. धर्मांतर झाले तेव्हा देव बदलला, भाषा बरीचशी तीच राहिली, आणि भाताचे वेळापत्रक बदलण्याचा प्रश्नच नव्हता.

गोव्यातल्या गावकरांच्या मानात एक गोष्ट उघड दिसते, जी साष्टीत सहज नजरेआड होते. पहिली लोंबी कोण कापतो, ती कोणत्या शेतातून येते, मिरवणूक कोणत्या क्रुसापासून निघते, हे सारे ठरलेले असते. आणि ते ठरलेले असणे म्हणजे जमिनीवरील हक्काचे वार्षिक उच्चारण असते. ‘देवा, तू दिलेस’ असे म्हणताना ‘आम्हाला दिलेस’ हेही म्हटले जाते. आगेरा हा नम्रतेचा सण आहे खरा, पण गावाची हद्द सांगणाराही आहे.

साष्टीच्या ख्रिस्ती समाजाला हे उच्चारण सहज परवडणारे नव्हते. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला पडला. विजेत्यांनाही आभार मानायचे होते. चिमाजी आप्पांनी वसई मिळावी म्हणून वज्रेश्वरीला नवस बोलला होता. विजयानंतर देवीचे मंदिर बांधून तो फेडला गेला. पोर्तुगीज चर्चांतल्या घंटा खाली उतरवून मराठी मुलखातील देवळांना अर्पण झाल्या. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ हे साल कोरलेले आहे. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरही अशीच एक घंटा टांगलेली आहे. एका बाजूची उपकारस्तुती दुसऱ्या बाजूच्या मनोऱ्यातून उतरवलेल्या धातूने वाजू लागली. यात नवल वाटण्याचे कारण नाही; साष्टीतील लेण्यांत आणि देवळांच्या जागी पोर्तुगीजांनी चर्चे उभारली होती, तेव्हाही कोणीतरी आभारच मानले असणार.

गोरे पाद्री गेले. मागे राहिलेला कुणबी, कोळी, भंडारी ख्रिस्ती शेतकरी कुठे जाणार? तो शेतात राहिला. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली, तेव्हाही तो तिथेच होता. राज्ये तीन झाली, लावणी आषाढातच होत राहिली.

या समाजाला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव मिळाले ते फार उशिरा, १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात. तोवर सरकारदरबारी त्यांना पोर्तुगीज ख्रिस्ती म्हणत. गोवा आणि मंगळुरूहून नोकरीसाठी मुंबईत येणाऱ्या कॅथलिकांपासून आपले वेगळेपण दिसावे, म्हणून येथल्या भूमिपुत्रांनी एका इंग्रज व्यापारी कंपनीच्या नावाशी नाते सांगणारे नाव घेतले. घरात मराठी बोलणाऱ्या, मराठीत लग्नाची गाणी म्हणणाऱ्या समाजाचे हे नाव ऐकून आजही पुष्कळांचा गोंधळ होतो.

नाव घेऊन दहा वर्षेही झाली नव्हती तोच प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून गेली. कित्येक जण साष्टीतल्या गावांच्या आश्रयाला आले, आणि त्यांच्या मागोमाग रोगही आला. वांद्र्यापासून वरच्या गावठाणांपर्यंत, आणि इकडे गिरगावच्या खोताच्या वाडीतही, या काळात क्रूस उभारले गेले. काही रोग गावात शिरू नये म्हणून, काही तो निघून गेला म्हणून. पहिला नवस, दुसरी फेड. दगडाकडे पाहून यातला फरक बहुधा कळत नाही, आणि उभारणाऱ्यांनाही तो फारसा महत्त्वाचा वाटला नसावा. मे महिन्यात संध्याकाळी या क्रुसांना फुले वाहून शेजारपाजारचे लोक जपमाळेची प्रार्थना करतात. नंतर उकडलेले चणे वाटले जातात. चर्चमधली घंटा उतरवता येते, पण चौकातल्या क्रुसापुढे प्रार्थना करायला पाद्रीही लागत नाही.

शेतांवर खरे संकट आले ते विसाव्या शतकात, आणि त्याची पहिली पावले जुहूच्याच वाळूत उमटली. १८९० च्या दशकात जमशेटजी टाटांनी जुहूत जमीन घेतली; जुहू तारा भागात १,२०० एकर विकसित करून एकेक एकराचे ५०० भूखंड पाडायचे, असा त्यांचा बेत होता. १९०४ मध्ये त्यांच्या निधनानंतर तो बारगळला. पण १९२८ मध्ये विमानतळ आला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघालेले आपले छोटे विमान अहमदाबादमार्गे येथे उतरवते झाले. भारतीय हवाई वाहतुकीचा तो जन्मदिवस मानतात. हळव्या भाताच्या कापणीचेच हे दिवस. पावसाळ्यात ही धावपट्टी पाण्याखाली जाई आणि टाटांना आपला तळ पुण्याला हलवावा लागे. जे पाणी भाताला हवे होते, ते विमानाला नको होते. दोघांपैकी कोण टिकणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझला मोठा विमानतळ झाला. पुढे तो सहारकडे पसरला. कोले-कल्याणच्या जमिनीवर विद्यापीठाचे संकुल आले, मरोळला औद्योगिक वसाहत. भूसंपादनाच्या नकाशावर हे सगळे मोकळे माळ होते. आगेऱ्याच्या नकाशावर मात्र तिथे नावानिशी शेते होती.

याच काळात मुंबईच्या कॅथलिकांचे आभार मानणेही बदलले. ८ सप्टेंबर १९४८ रोजी माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये, जिथे हार्टमन यांनी स्वतःला कोंडून घेतले होते तिथेच, बुधवारची नोव्हेना सुरू झाली. निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेपुढे लोक चिठ्ठ्या ठेवू लागले : मागण्याच्या आणि आभाराच्या. नोकरी लागली, घर मिळाले, मूल झाले, दुखणे बरे झाले. वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळ, घर वाहण्याची रीत जुनीच होती. तिथेही आता घराच्या आकाराचे मेण अधिक खपू लागले तर त्यात आश्चर्य नाही. या आभारांना ऋतू लागत नाही, शेत लागत नाही, शेजारीही लागत नाही. माहीमच्या रांगेत हिंदू, मुसलमान, पारशी सगळे असतात, आणि प्रत्येक जण आपापले गाऱ्हाणे व आपापली फेड घेऊन आलेला असतो. शहराला शोभणारी ही उपकारस्तुती आहे. तिचे मोल कमी नाही. पण आगेऱ्याची लोंबी शेत नसलेल्याच्याही हातात जात असे, तसे या चिठ्ठीचे होत नाही.

म्हणून कदाचित आगेरा संपला नाही. शेते गेल्यावर तो थांबला असता तर कोणी दोष दिला नसता. साष्टीतील अनेक धर्मग्रामांत तो आजही होतो. लोंब्या आता बाहेरून आणाव्या लागतात. त्या वाहणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांनी भाताची लावणी पाहिलेली नसते. या गोष्टीला निव्वळ हौस म्हणून हसणे सोपे आहे. मात्र जे पीक आपल्या हातचे नाही, त्याबद्दलही गावाने एकत्र येऊन आभार मानावेत, यात मूळ विधीशी प्रतारणा काय झाली? पेरणाऱ्यानेही पावसाचे श्रेय स्वतःकडे कधी घेतले नव्हते. बदलले ते दुसरे अंग. ‘आम्हाला दिलेस’ हे आता ‘इथे आमचे होते’ या अर्थाने म्हटले जाते.

क्रुसांचेही तसेच झाले. ज्या रस्त्याकडेला ते आज अडथळा म्हणून दिसतात, तिथे बहुधा गावाची वेस, विहीर किंवा बांध होता. रस्ता नंतर आला. एप्रिल २०१७ मध्ये वांद्र्याच्या बाजार रोडवरील शतकाहून जुना क्रूस महापालिकेने पाडला, तेव्हा जो संताप उसळला त्यात धर्मभावनेइतकीच ही जुनी जमीनदस्ताची भावना होती.

जुहूहून काही किलोमीटरवर, अंधेरी पूर्वेला, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण उभे आहे. कोंडिविट्याजवळ जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेले संत जॉन बाप्तिस्ताचे चर्च १८४० च्या सुमारास साथीमुळे सोडून दिले गेले आणि वस्ती मरोळला सरकली. १९७३ मध्ये त्याच परिसरात सीप्झ हे निर्यात केंद्र आले. छप्पर उडालेल्या, वडापिंपळाच्या मुळांनी वेढलेल्या त्या भिंती आता कारखान्यांच्या आणि संगणक कंपन्यांच्या कुंपणाच्या आत आहेत. एरवी तिथे परवान्याशिवाय जाता येत नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मात्र फाटक उघडते. जुन्या गावाचे वंशज, मूळ कुटुंबांची आता उपनगरभर पांगलेली लेकरे-नातवंडे, उघड्या आकाशाखाली मिस्सासाठी जमतात. पहारेकरी त्यांना एकेक करून आत सोडतो.